वाकळीवरचा लॅपटॉप



बैल घ्यायचा झाला तर आपण काय काय बघतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या लातूर जिल्ह्यात हाळी-हंडरगुळीचा बाजार आहे. तिथे माणूस बैलाचे दात बघतो, खूर बघतो, खांदा चाचपतो, चालवून बघतो, आणि एवढ्यावरही मन भरले नाही तर औताला जुंपून बघतो. असा चिकित्सक माणूस मी. पण ५४,००० रुपयांचा लॅपटॉप मी पाऊण तासात घेतला, आणि त्यापायी घरात जे झाले ते आज तुमच्यापुढे मांडतो आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मुले दहावी-बारावीला असतील आणि आज ना उद्या हा विषय तुमच्याही ओसरीवर येईल.

ही २०२१ सालची गोष्ट. आमची थोरली त्या वर्षी दहावी झाली. करोनामुळे परीक्षाच रद्द झालेली ती बॅच. तिला लातूरला स्थापत्य पदविकेला घालायचे ठरले. वर्ग निम्मे घरूनच होणार, तेव्हा लॅपटॉप हवाच, असे सगळ्यांचे म्हणणे. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने क्विंटलला नऊ-दहा हजारांचा भाव दाखवला होता, तुम्हाला आठवत असेल. पुढे नवा माल आला आणि भाव उतरला तो उतरलाच. पण माझ्याकडे आदल्या वर्षीचे सहा क्विंटल राखून ठेवलेले होते. ते ९,२०० ने गेले. पंचावन्न हजार दोनशे हातात आले आणि तेच घेऊन थोरली, धाकटा आणि मी लातूर गाठले.

थोरलीला हलका लॅपटॉप पाहिजे होता. वसतिगृहातून कॉलेजला रोज पाठीवर न्यायचा म्हणजे जड नको, हे तिचे म्हणणे रास्त होते. दुकानदाराने एक पातळ यंत्र पुढे ठेवले. दीड किलोच्या आतले. पाटीएवढे पातळ म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण मला तरी तसेच वाटले. धाकटा तेव्हा नववीत. त्याने एकच प्रश्न विचारला.

"काका, यावर गेम चालतो का?"

"सगळं चालतं बाळा. गेम, पिक्चर, व्हिडिओ, काय म्हणशील ते."

आणि दुकानदाराने लगेच एक मोटारींचा गेम लावून दाखवला. पाच मिनिटे पोराने खेळून बघितला. गाडी पळाली, वळली, कुठे अडली नाही. मग एक व्हिडिओ लावला, तोही काचेसारखा स्वच्छ. "बघा साहेब, लोण्यासारखं चालतंय." मी पैसे मोजले.

शंकरपटात धावणारा बैल आणि दिवसभर औत ओढणारा बैल यांतला फरक मला चांगला ठाऊक आहे. पण त्या दिवशी दुकानात तो आठवला नाही.

लॅपटॉप घरी आला तसा आईने, म्हणजे पोरांच्या आजीने, त्याच्यासाठी जुन्या लुगड्याची एक छोटी वाकळ शिवली. एवढी महागाची वस्तू फरशीवर घासू नये म्हणून. मला ती कल्पना फारच आवडली. मीच घरात दम भरला की लॅपटॉप वाकळीशिवाय ठेवायचा नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिले काही महिने बरे गेले. २०२२ च्या जानेवारीत कॉलेजे पुन्हा बंद झाली आणि थोरली लॅपटॉप घेऊन घरी आली. दिवसा तिचे वर्ग, रात्री जेवणानंतर तासभर धाकट्याचा गेम, अशी वाटणी. थंडी मोठी होती. दोघेही खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसत, मांडीवर वाकळ आणि वाकळीवर लॅपटॉप.

एके दिवशी थोरलीला एका घराचा नकाशा दहा वाजेपर्यंत पाठवायचा होता. एकीकडे सरांचा वर्ग व्हिडिओवर चाललेला, दुसरीकडे नकाशाचे काम. आणि लॅपटॉप अडू लागला. रेघ ओढावी तर चार-पाच सेकंदांनी दिसावी. सरांचा आवाज तुटक येऊ लागला. आतला पंखा असा घोंघावत होता की मला तो अंगणात ऐकू आला. मी रात्रपाळीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी देऊन, डोळ्याला डोळा न लागता घरी आलो होतो. नकाशा बारा वाजता गेला, गुण कापले गेले, पोरगी रडायला लागली. म्हणाली, "रात्री यानं गेम खेळून बिघडवलं."

मी धाकट्याला अंगणातच एक ठेवून दिली. शेजारी बघत होते.

तो म्हणाला, "बाबा, मी नाही बिघडवलं. ते तापल्यावरच असं करतंय."

"तापतंय कशानं? तुझ्याच गेमनं ना?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. की होते, आणि मी ऐकून घेण्यासारखा दिसत नव्हतो, कोण जाणे. गेम मी थोरलीकडून काढून टाकवले. त्यानंतर चार महिने त्या पोराने लॅपटॉपला बोट लावले नाही. बोलायचा, जेवायचा, शेतावरही यायचा. पण पूर्वी मोटर चालू करायला गेलो की वाटेत दहा गोष्टी सांगायचा, ते बंद झाले.

आणि गंमत बघा, गेम काढून टाकले तरी लॅपटॉप अडतच होता. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता. पण एकदा हात उचलला की माणसाला आपलेच खरे धरून बसावे लागते.

मे महिन्यात आमच्याकडे ऊन बेचाळीसवर गेले आणि लॅपटॉप अगदीच बसला. तो घेऊन मी लातूरला एका दुरुस्ती करणाऱ्या पोराकडे गेलो. पोरगाच तो, पंचविशीतला. त्याने पाठीचे स्क्रू काढले, झाकण उचलले आणि हसायलाच लागला. "काका, हा लॅपटॉप गादीवर ठेवता का?"

पंख्याच्या तोंडाशी कापसाची, सुताची एक जाडशी पापडी बसली होती. लुगड्याचा निळा धागा मला ओळखू आला. ही यंत्रे पोटाखालून हवा ओढतात आणि कडेने बाहेर टाकतात. वाकळीवर ठेवले की खालची भोकेच बंद. विहिरीतल्या मोटारीच्या फुटबॉलला गाळ बसावा तसला प्रकार.

मी विचारले, "गेम खेळून बिघडतो का हा?"

"नाही काका. तापला की तो स्वतःच हळू होतो. जळू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. शंभर अंशांच्या जवळ गेला की आतली चिप आपला वेग कमी करते. थंड झाली की पुन्हा वाढवते. तुमचा तर कायमच तापलेला, मग चालणार कसा?"

त्या पोराला दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते आणि मलाही तीनच्या एसटीशिवाय घाई नव्हती. तासाभरात त्याने मला जे समजावून सांगितले, आणि पुढे धाकट्याने त्यात जी भर घातली, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

आपण मोटर अश्वशक्तीवर मोजतो, तसा लॅपटॉपचा दम वॅटवर मोजतात. आमच्या लॅपटॉपात इंटेलची अकराव्या पिढीची आय-५ चिप आहे. ती १२ पासून २८ वॅटपर्यंत कशीही बांधता येते. आमच्या पातळ यंत्रात ती १५ वॅटवर बांधलेली, असे त्या पोराने सांगितले. म्हणजे ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब खातात तेवढीही वीज नाही. त्यातच मुख्य हिशेब करणारा भाग आणि त्यातच चित्र काढणारा भाग, ज्याला ग्राफिक्स म्हणतात. दोघांनी मिळून १५ वॅटमध्ये संसार करायचा. उलट खास गेमसाठी केलेल्या जाड लॅपटॉपात ग्राफिक्सची चिप वेगळी असते. २०२१ साली लॅपटॉपांसाठी आलेली आरटीएक्स ३०६० नावाची चिप घ्या. ती एकटीच ६० ते ११५ वॅट खाते. म्हणून त्या लॅपटॉपाला मोठे पंखे, मोठा चार्जर, आणि वजन दोन-सव्वादोन किलोच्या पुढे. तीनची मोटर आणि साडेसातची मोटर एकाच विहिरीवर बसवून पाण्याची बरोबरी कुणी करत नाही. पण लॅपटॉप दोन्ही काळेच असतात, दोन्ही उघडतात-मिटतात, म्हणून आपण फसतो.

आता दुकानात पाच मिनिटे गेम लोण्यासारखा का चालला? त्याचेही कारण आहे. ही चिप थंड असते तेव्हा थोडा वेळ ठरल्यापेक्षा पुष्कळ जास्त वीज ओढून जोरात पळते. तशी मुभाच तिला दिलेली असते. मग अंग तापले की ती आपल्या मूळच्या १५ वॅटवर येते आणि तिथेच राहते. दुकानातल्या गार हवेत, काचेच्या टेबलावर, पाच मिनिटे. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याने शंकरपट दाखवला आणि मी औतासाठी बैल घेतला.

पण मग व्हिडिओ कसा न अडता चालतो? तोही चित्रच, गेमही चित्रच. हे मला बराच वेळ कळत नव्हते.

पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. फुल एचडी म्हणजे १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. एका चित्राचे झाले बासष्ट लाखांवर आकडे. सेकंदाला २५ चित्रे धरली तर साडेपंधरा कोटी. एवढे आकडे मोबाइलच्या नेटवरून यायला आमच्या गावात दिवस जाईल. म्हणून व्हिडिओ करणारे काय करतात, सगळे चित्र पुन्हा पुन्हा पाठवत नाहीत. मागच्या चित्रापेक्षा काय हलले, काय बदलले, तेवढेच बांधून पाठवतात. कीर्तनकार हात हलवतो, मागचा मंडप तसाच असतो, मग मंडप कशाला पुन्हा धाडायचा? आलेले गाठोडे सोडायची रीत ठरलेली असते. रीत ठरलेली म्हटल्यावर तेवढ्याच कामाची एक छोटी यंत्रणा चिपमध्ये कायमची बसवून टाकतात. तिला दुसरे काही येत नाही, पण गाठोडे सोडायला ती वीज जवळजवळ मागतच नाही. जसे पिठाच्या गिरणीवर दळण, जात्यावर नव्हे.

गाठोडे बांधायच्या रीती मात्र बदलत गेल्या. २००३ साली एच-२६४ आली, ती सगळीकडे चालते. २०१३ साली एचईव्हीसी आणि व्हीपी-९, २०१८ साली एव्ही-१. नवी रीत आली की जुन्या लॅपटॉपात ती सोडवणारी यंत्रणा नसते. मग ते काम मुख्य चिपला हाताने करावे लागते आणि पंखा घोंघावतो. आमच्या वाड्यावर एकाने २०१४ चा जुना लॅपटॉप स्वस्तात आणला. त्यावर साधे पिक्चर छान चालतात, पण फोर-के म्हणतात तसला, चौपट ठिपक्यांचा व्हिडिओ लावला की अडखळतो, तो याच कारणाने. आमच्या अकराव्या पिढीत एव्ही-१ चीही सोय आहे, त्यामुळे व्हिडिओच्या बाबतीत दुकानदाराचे बोलणे सोळा आणे खरे निघाले.

गेमचे तसे नाही. व्हिडिओ म्हणजे ध्वनिमुद्रित भजन, आणि गेम म्हणजे फडावरचा सवाल-जवाब. पोरगा गाडी डावीकडे वळवणार की उजवीकडे, हे आधी कुणालाच माहीत नाही. त्याने बटण दाबले की रस्ता, झाडे, सावल्या, समोरची माणसे, सगळे त्या क्षणी नव्याने हिशेब करून काढायचे. सेकंदाला तीसदा काढले तर खेळता येते, साठदा काढले तर डोळ्याला सुख वाटते, आणि वीसच्या खाली गेले की गाडी रस्त्यावर नाही, चिखलात चालल्यासारखी वाटते. इथे ठरलेली रीत नाही, म्हणून आयती यंत्रणा नाही. खरा दमच लागतो.

आणि एक गोष्ट राहिली, तीच आमच्या लॅपटॉपात सगळ्यात मोठी निघाली. दुरुस्तीवाल्याने आत बोट दाखवून विचारले, "ही खाच रिकामी दिसते का?" मेमरीच्या दोन खाचा होत्या. एकीत ८ जीबीची पट्टी, दुसरी रिकामी. वेगळ्या ग्राफिक्स चिपला स्वतःची मेमरी असते, स्वतःची विहीर म्हणा. अंगच्याच ग्राफिक्सला मात्र सामाईक विहिरीतून पाणी ओढावे लागते, आणि एकच पट्टी असली की विहिरीवर पाइप एकच. मोठा भाऊ पाणी ओढत असला की धाकट्याने थांबायचे. दोन पट्ट्या टाकल्या की दोन पाइप एकदम चालतात. लॅपटॉपवरच्या चिठ्ठीवर "आयरिस एक्सई" असे ग्राफिक्सचे नाव होते. पण त्या पोराने आतली माहिती उघडून दाखवली तर तिथे नुसते "यूएचडी" दिसत होते. इंटेलचा नियमच असा की दोन्ही पाइप जोडलेले नसतील तर ते मोठे नाव लावायचे नाही. म्हणजे ५४,००० देऊन मी जे घेतले ते निम्मे झोपलेलेच होते, आणि लॅपटॉप स्वतः ते लिहून दाखवत होता. वाचणारा कुणी नव्हता.

साफसफाईचे ४०० आणि दुसऱ्या पट्टीचे २,२०० रुपये दिले. पट्टी बसवून लॅपटॉप चालू केला तर आतले नाव बदलले. "आयरिस एक्सई."

एसटीत बसल्यावर मला पट्टीचे काही वाटत नव्हते. पोराच्या तोंडावर मारलेली ती चापट आठवत होती. अंगणातली, शेजाऱ्यांसमोरची.

घरी आलो. धाकटा गोठ्यात वैरण टाकत होता. आमच्या घरात बापाने मुलाला चुकलो म्हणायची रीत नाही. माझ्या वडिलांनी कधी म्हटले नाही आणि मीही तोवर म्हटले नव्हते. म्हणालो, "तू बिघडवलं नव्हतंस. माझं चुकलं."

तो थोडा वेळ वैरणच टाकत राहिला. मग म्हणाला, "किती जीबीची टाकली?"

"आठची."

"मग सोळा झाले."

एवढेच बोलणे झाले. रात्री जेवण झाल्यावर त्याने गणिताची वही आणून माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीने आकडे लिहिलेले. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रे निघतात तो आकडा दिसतो, तो त्याने जानेवारीत, मी मारायच्या आधी आठ दिवस, घड्याळ लावून टिपला होता. सुरुवातीला ३४. दहा मिनिटांनी २५. वीस मिनिटांनी १९. खाली दुसरी ओळ, "वाकळीवर, वीस मिनिटांनी, १२." आणि त्याखाली, "पाटावर, वीस मिनिटांनी, २१."

वाकळीचे त्याला जानेवारीतच कळले होते.

"मग तेव्हा का नाही दाखवलंस?"

"तुम्ही म्हणाला होता ना, वाकळीशिवाय ठेवायचा नाही."

वाचकहो, यावर मी काय बोलणार? आईला मात्र फार वाईट वाटले. तिची वाकळ आता देवघरातल्या पेटीवर असते. लॅपटॉप जेवायच्या पाटावर.

आता त्यावर काय चालते आणि काय नाही, ते सांगतो, म्हणजे तुमच्या उपयोगी पडेल. सगळे पिक्चर, वर्ग, यूट्यूब न अडता चालतात, आणि व्हिडिओ बघताना पंखा बहुतेक वेळ बंदच असतो. आमच्या सौ.च्या बचत गटाने कुरडयांचा दहा मिनिटांचा व्हिडिओ केला. तो कापून-जोडून तयार करायला धाकट्याला संध्याकाळ लागली, पण ते डोक्याचे काम. शेवटी तयार व्हिडिओ बाहेर काढायला यंत्राला सात-आठ मिनिटेच लागली. जुने गेम, म्हणजे २००६ चा क्रिकेट ०७ किंवा त्याआधीचा व्हाइस सिटी, यांना तर लॅपटॉप हसतच असेल. पुष्कळ पोरे मिळून ऑनलाइन खेळतात तो व्हॅलोरंट हा गेम २०२० साली मुद्दाम साध्या यंत्रांवर चालावा असा केलेला, तोही व्यवस्थित चालतो. ज्यावरून भांडण झाले तो मोटारी पळवायचा आणि मारामारीचा गेम (मला तो अजिबात आवडत नाही, ते वेगळे) १,२८० गुणिले ७२० ठिपक्यांवर आणि बारकावे कमी ठेवून सुरुवातीला ५२, आणि अर्ध्या तासाने ४१. हे आकडे वहीतलेच. पण २०१९-२० नंतरचे मोठे गेम यावर नाहीत. रेड डेड रिडेम्पशन २ नावाचा एक आहे, तो ठेवायलाच १५० जीबी जागा लागते. धाकट्याने स्वतःच सांगितले, "ते आपल्या विहिरीचं पाणी नाही, बाबा."

लाइटीचेही बघा. बॅटरी ४१ वॅट-तासांची आहे. व्हिडिओ बघताना सगळे यंत्र मिळून सात-आठ वॅट खाते, म्हणजे पाच तास निघतात. भारनियमनात थोरलीचा अभ्यास होतो. गेम लावला तर दीड तासही नाही, आणि चार्जर काढला की गेम हळूही होतो.

थोरलीच्या नकाशांना हा लॅपटॉप पुढे तिन्ही वर्षे पुरला. पाठीवर नेऊन नेऊन बिजागरी थोडी सैल झाली, तेवढेच. माझे म्हणणे असे की पातळ लॅपटॉप वाईट नाही. तिला जड घेतला असता तर तो वसतिगृहातच पडून राहिला असता. आणि २०२२ नंतर आलेल्या काही पातळ यंत्रांत अंगचे ग्राफिक्स आमच्यापेक्षा पुष्कळ जोरकस आहे. एएमडीच्या रेडिऑन ६८०एम सारखे. पण काही नव्या पातळ लॅपटॉपांत मेमरी आतच जडवलेली असते, मागून पट्टी टाकायला खाचच नसते. तेव्हा घेतानाच १६ जीबी, दोन्ही पाइप जोडलेले, असा घ्यावा लागतो. हे दुकानदार आपणहून सांगेल अशी आशा धरू नका.

२०२४ च्या जूनमध्ये माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला लॅपटॉप घ्यायचा होता. त्याला लग्नाचे व्हिडिओ जुळवायचा धंदा करायचा आहे, आणि गेमही पाहिजेत, ते तो माझ्यासमोर बोलला नाही. भाऊ म्हणाला, "तू चल, तुला अनुभव आहे." मी म्हटले, "मला नाही, धाकट्याला आहे." आम्ही चौघे गेलो. दुकान दुसरे. दुकानदाराने एक पातळ आणि एक जाड असे दोन लॅपटॉप मांडले आणि पातळ्यावर गेम लावून म्हणाला, "बघा, कसा पळतोय."

धाकट्याने खिशातून वही काढली, घड्याळात बघितले आणि म्हणाला, "काका, अर्धा तास चालू राहू द्या."

"अर्धा तास?"

"हो. आणि मग चार्जर काढून दहा मिनिटं."

दुकानदाराने आमच्याकडे बघितले. भावाने माझ्याकडे बघितले. मी म्हटले, "बसायला स्टूल असेल तर द्या."

त्याने दोन स्टुले दिली आणि चहा सांगितला.